चार पर्यायांत न बसलेला नवरा

गुणवंतराव खटावकरांच्या काउंटरवर तुम्ही निळ्या पडद्यासमोर काढलेला फोटो घेऊन गेलात, तर आधी फोटोचा अपमान होतो आणि मग फोटोतल्या माणसाचा. "पांढरं म्हणजे पांढरं! हे काय आहे? आकाश? तुम्ही काय विमानातून काढला फोटो?"

इथे आखातात, अल नहदा भागात, आमच्या टॉवरच्या खालीच ते टायपिंग सेंटर आहे. इथे नवीन आलेल्या माणसाला ही दुकानं कळायला वेळ लागतो. कुठलाही सरकारी अर्ज अरबीत टाइप करायचा, कागद जोडायचे, मग तो योग्य त्या खिडकीपर्यंत पोचवायचा, हा त्यांचा धंदा. या देशात मूल जन्मलं, बायको आली, नोकरी सुटली किंवा माणूस मेला, तरी ते आधी अशा एखाद्या दुकानाच्या प्रिंटरमधून बाहेर पडावं लागतं. मालक अनिल, त्रिशूरचा. तो मागच्या केबिनमध्ये बसतो आणि सगळ्यांना 'नो टेन्शन' म्हणतो. टेन्शन द्यायला पुढे गुणवंतराव असतात. सव्वीस वर्षं.

त्यांना कशाचा राग येत नाही हे सांगणं सोपं जाईल. प्रिंटरचा येतो. एसीचा येतो. 'साधारण किती दिवस लागतील?' विचारणाऱ्याचा येतो. पण सगळ्यात मोठा राग राखून ठेवलेला आहे तो चौकटीबाहेर सही करणाऱ्यांसाठी. अर्जावर सहीसाठी एक छोटी चौकट असते. एका सद्गृहस्थांच्या सहीची शेपटी त्या चौकटीतून बाहेर पडून शेजारच्या रकान्यात गेली, तेव्हा गुणवंतरावांनी अर्ज फाडला, नवा छापला आणि त्या गृहस्थांना कोऱ्या कागदावर दहा वेळा सही गिरवायला लावली. ते गृहस्थ एका बँकेत मोठे अधिकारी होते. गिरवली त्यांनी. मी शेजारीच उभा होतो, माझ्या आधार-पासपोर्टाच्या झेरॉक्स छातीशी धरून, आणि मनातल्या मनात मीही गिरवत होतो.

तरी लोक तिथेच जातात, कारण गुणवंतरावांनी भरलेला अर्ज परत येत नाही. हे त्यांचं सगळं वैभव. आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली होती माझ्या, पण मी ती कधी बोललो नाही. हा एवढा रागीट माणूस सरकारी खिडकीसमोर गेला की लोण्यासारखा होतो. तिथे सगळं 'शुक्रन', सगळं 'इन्शाल्ला'. आवाज खाली, मान खाली. सव्वीस वर्षांत तिथे त्यांचा पारा एक अंशही चढलेला नाही. राग सगळा काचेच्या अलीकडे, ज्यांच्याकडून त्यांना काहीच धोका नाही अशा आमच्यासारख्यांवर.

ऑगस्टच्या अकरा तारखेला त्या दुकानात मर्याना कोव्तुन आली. बरोबर नऊ वर्षांची मुलगी, ज़्लाता. बाहेर सेहेचाळीस डिग्री. मर्यानाच्या हातात प्लास्टिकची फाइल, आणि फाइलमध्ये सगळे कागद एकेका पारदर्शक पाकिटात, तारखांच्या क्रमाने. गुणवंतरावांनी फाइल उघडली आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. असे कागद त्यांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नातसुद्धा पाहिले नव्हते, असं ते नंतर म्हणाले. (मुलीचं लग्न अजून व्हायचंय, पण ते बाजूला राहू द्या.)

गोष्ट अशी होती. मर्याना खेरसोनची, तिकडे युद्ध चालू आहे. तिथे ती दातांची डॉक्टर होती. इथे एका डेंटल क्लिनिकमध्ये असिस्टंट आहे, म्हणजे डॉक्टरांच्या हातात हत्यारं देते. कारण तिचं मूळ डिग्री सर्टिफिकेट ज्या घरात होतं त्या घराला आता छप्पर नाही, आणि मूळ कागदाशिवाय अटेस्टेशन, म्हणजे डिग्रीची सरकारी खातरजमा, नाही. तिला क्लिनिकचा व्हिसा होता. मुलगी मात्र व्हिजिटवर. व्हिजिट संपला की दोघी बसने ओमानच्या सीमेपर्यंत जाऊन, शिक्का मारून परत यायच्या. असं तीन वेळा झालं होतं. पण व्हिजिटवरच्या मुलीला शाळा घेत नाही. ज़्लाता वर्षभर खोलीत बसून फोनवर खेरसोनची ऑनलाइन शाळा करत होती. त्या शाळेतल्या बाई मध्येच 'सायरन झाला' म्हणून गायब व्हायच्या आणि मग गणित तिथेच थांबायचं.

आता एका शाळेने जागा ठेवली होती. एकतीस ऑगस्टपर्यंत. त्याआधी मुलीचा रेसिडेन्स व्हिसा झाला, तर ज़्लाता आईजवळ राहणार. नाही झाला, तर तिला पोलंडमध्ये मावशीकडे धाडायचं.

"मावशीकडे शाळा आहे का?" गुणवंतरावांनी विचारलं. इथे सगळी बोलणी मोडक्या इंग्रजीत, ती मी मराठीत सांगतोय.

"सगळं आहे," मर्याना म्हणाली. "तिकडे गेल्या गेल्या बहिणीला एक नंबर मिळाला. त्या नंबरावर राहणं, काम, शाळा, डॉक्टर. युद्धातून आलेल्यांसाठी तिकडे कायदा आहे."

"मग तुम्ही तिकडे का नाही गेलात?"

"मला नोकरी इकडे मिळाली. माझ्या पगारावर सासू जगते. ती खेरसोन सोडत नाही."

"का?"

"म्हणते, दानिलो आला तर दार कोण उघडणार?"

दानिलो म्हणजे मर्यानाचा नवरा. सैन्यात होता. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात त्याच्या तुकडीतले नऊ जण परत आले नाहीत. चार मिळाले. पाच नाही मिळाले. दानिलो त्या पाचांत.

इथे आईनं मुलाला स्वतःच्या नावावर आणायचं तर नवऱ्याचं ना-हरकत पत्र लागतं, एनओसी. इकडच्या बोलीत हा शब्द भातासारखा आहे, दिवसातून दोनदा असतोच. आणि हे पत्र देणारा नवरा खंदकात होता, की कैदेत होता, की जमिनीखाली होता, हे त्याच्या स्वतःच्या सरकारलाही माहीत नव्हतं. त्यांच्या सरकारने तिला एक दाखला दिला होता, 'विशेष परिस्थितीत बेपत्ता'. निळा शिक्का, नोंदणी क्रमांक, सगळं व्यवस्थित.

गुणवंतरावांनी कॉम्प्युटरवर अर्ज उघडला. 'वैवाहिक स्थिती' या रकान्यावर टिचकी मारली की चार पर्याय खाली उघडतात. अविवाहित, विवाहित, घटस्फोटित, विधवा. विवाहित निवडलं की लगेच पुढे लाल अक्षरांत नवऱ्याची एनओसी मागतात. घटस्फोटित निवडलं की कोर्टाचा निकाल. विधवा निवडलं की मृत्यूचा दाखला. पाचवा पर्याय नाही. बेपत्ता नावाची गोष्ट जगात असू शकते, हे तो अर्ज बनवणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

केबिनमधून अनिलने डोकं बाहेर काढलं. "गुणवंतजी, सिंपल है. उधर के कोर्ट से डेथ डिक्लेअर करवा लो. नो टेन्शन."

मर्यानाला हिंदी येत नाही, पण 'डेथ' समजलं. ती म्हणाली, "नो." इतकंच.

आता मला गुणवंतरावांची चूक सांगायची आहे, आणि ती सांगताना मला त्यांचा राग येतो आणि माझाही. कारण ती चूक आपल्यापैकी कुणीही केली असती. सव्वीस वर्षं या अर्जांशी झुंजून माणसाला एक गोष्ट कळलेली असते. चौकोनाला कागद लागतो. कुठला कागद, हे चौकोन बघत नाही. मागणी मृत्यूच्या दाखल्याची असली आणि तुम्ही शिक्का असलेला कुठलाही सरकारी कागद चढवला, की अर्ज पुढे सरकतो. पुढे माणूस बसलेला असतो, तो वाचतो, त्याला समजावता येतं. याला आपण 'अ‍ॅडजस्ट करणं' म्हणतो आणि फार अभिमानानं म्हणतो. एका बाईला दोन मोठ्ठी भांडी घेऊन एसटीत चढायचं असतं तेव्हा आपण 'जरा अ‍ॅडजस्ट करा' म्हणतो, अगदी तितक्याच सहज गुणवंतरावांनी 'विधवा' निवडलं, मृत्यूच्या दाखल्याच्या चौकोनात बेपत्ताचा दाखला चढवला, आणि प्रिंट काढली. मर्यानाला विचारलं नाही. तिचा त्रास वाचवत होते ते. खरंच.

"नावाचं स्पेलिंग तपासा आणि चौकटीच्या आत सही," असं म्हणून त्यांनी कागद पुढे केला.

मर्यानानं कागद मुलीला दिला. घरात इंग्रजी सगळ्यात चांगलं मुलीचं. ज़्लातानं बोट ठेवून एकेक रकाना मोठ्याने वाचला. आईचं नाव. बापाचं नाव. जन्मगाव. मग बोट थांबलं.

"मामा," तिनं आईला विचारलं, "व्हॉट इज विडो?"

दुकानात माझ्यासकट सात-आठ माणसं होती. सगळे हातात टोकन धरून उभे.

मर्यानानं कागद घेतला. वाचला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, गुणवंतरावांना ओरडण्याची भाषा कळते. ती हळू आवाजात म्हणाली, "सर, तिकडे ज्यांच्या हातात बंदुका आहेत, त्यांनासुद्धा अजून सांगता आलेलं नाही की माझा नवरा मेला. तुम्हाला कसं कळलं?"

गुणवंतराव काहीतरी पुटपुटले. 'सिस्टिम', 'फक्त फॉर्मसाठी', 'आतमध्ये समजावून सांगतो'.

"फक्त फॉर्मसाठी," ती म्हणाली. "मी सही करणार. मग तो मेला माझ्या सहीनं. फक्त फॉर्मसाठी." कागदाच्या तिने बारीक चौकोनी घड्या घातल्या, तो मुठीत धरला, मुलीला घेतलं आणि दुकानाबाहेर गेली. फाइल काउंटरवरच राहिली.

त्या संध्याकाळी लिफ्टमध्ये गुणवंतराव माझ्या बरोबर होते. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर उगाचच थांबली, दार उघडलं, कुणी नव्हतं. एरवी यावर पाच मजल्यांचं भाषण होतं. त्यांनी नुसतं बटण पुन्हा दाबलं. मला काळजी वाटली म्हणून मी त्यांच्याबरोबर वर गेलो, 'वहिनींच्या हातचा चहा' असं कारण सांगून.

छायावहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि गॅस बंद केला. चहा झालाच नाही त्या दिवशी.

"तुम्ही असं लिहिलंत? आणि ते त्या पोरीनं वाचलं?"

"अगं, नंतर बदलता आलं असतं..."

"काय बदलता आलं असतं? माझ्या मावशीचे यजमान बोटीवर गेले ते परत आले नाहीत, आठवतंय का? रत्नागिरीला?" छायावहिनी माझ्याकडे वळून सांगू लागल्या, कारण नवऱ्याकडे बघण्याची त्यांची इच्छा नव्हती. "एकतीस वर्षं मावशीनं कुंकू पुसलं नाही. रेशनकार्डावर पहिलं नाव त्यांचंच. तलाठी दर वेळी यायचा, म्हणायचा, 'मावशी, यांचं नाव काढायचं का?' मावशी म्हणायची, 'तुम्ही बघून आलात का त्यांना?' तलाठी म्हणायचा, 'नाही.' 'मग राहू द्या.' आणि राहू द्यायचा तो. साधा तलाठी. त्याला कळत होतं. तुम्हाला कॉम्प्युटर येतो!"

मुलगी तनया सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. ती सिलिकॉन ओएसिसमध्ये सॉफ्टवेअरचं काम करते, आणि इथे वाढलेली असल्यामुळे आईबापांनी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. "बाबा, एनी फॉर्म शुड हॅव 'अननोन'. दॅट्स लाइक, डे वन ऑफ कॉलेज. हू मेड धिस?"

"ज्याचं कुणी हरवलेलं नाही त्यानं," गुणवंतराव म्हणाले. आणि तेव्हा मी त्यांचा राग परत येताना पाहिला. आधी कान लाल झाले. "आणि मी मूर्ख. मी ओळखतो ना या देशाला! इथे निर्वासित नावाचा रकानाच नाही. सगळे पाहुणे, नाहीतर नोकर. मीही नोकर. मला उद्या रद्द केलं तर मी साताऱ्याला जाईन, माझ्या भावाच्या घरी, त्याच्याशी भांडेन, मजेत राहीन. ती बाई कुठे जाणार? त्या पोरीला रद्द केलं तर कुठे? पोलंडला? आईविना? का? तर बाप हरवला आणि त्यानं हरवण्याआधी सही करून ठेवली नाही म्हणून?"

"बाबा, बीपी," तनया म्हणाली.

"असू दे बीपी!"

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी फाइलमधला बेपत्ताचा दाखला कायदेशीर अरबी भाषांतराला पाठवला. घाईचं भाषांतर, दोन दिवसांत. अनिलला सांगितलं, "ये केस मैं खुद लेके जाऊंगा." अनिल 'नो टेन्शन' म्हणाला नाही. बहुधा कान पाहिले असावेत त्यानंही.

भाषांतर आलं, मग मर्यानाला फोन. तिनं पहिले तीन घेतले नाहीत. चौथा ज़्लातानं घेतला. गुणवंतराव म्हणाले, "आईला सांग, त्या माणसानं चूक केली. आता तो 'विवाहित' लिहितोय. तिला सरकारी काउंटरवर यायचं असेल तर उद्या साडेआठला." पलीकडून मुलीनं विचारलं, "यू आर द मॅन हू शाउट्स?" गुणवंतराव म्हणाले, "यस."

सरकारी काउंटरवर काय झालं ते मला मर्यानाकडून कळलं आणि गुणवंतरावांकडूनही, आणि दोन्ही हकीकती जुळतात, म्हणून खरी असावी. काचेमागे यम्ना नावाची तरुण अधिकारी होती. काळी पायघोळ अबाया, शांत आवाज. तिने अर्ज पाहिला, सिस्टिममध्ये टाकला आणि म्हणाली, "अंकल, विवाहित आहे तर एनओसी लागते. सिस्टिम पुढे जात नाही. नवऱ्याला सांगा, वकिलातीत जाऊन सही करून पाठवेल."

"मॅडम, नवरा बेपत्ता आहे. युद्धात."

"मग मृत्यूचा दाखला?"

आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा गुणवंतराव काचेच्या समोर उभे राहून चिडले. ज्या खिडकीवर त्यांची पुढची सव्वीस कामं अवलंबून, जिथे एका तक्रारीनं दुकानाचं नाव खराब होऊ शकतं, त्या खिडकीवर. आवाज चढला. आधी इंग्रजी, मग हिंदी, मग तीही पुरेना म्हणून मराठी.

"नाहीये दाखला! मेला असता तर असता! जिवंत असता तर सही असती! तो दोन्हींच्या मध्ये आहे आणि तुमच्या मशीनला मधलं कळत नाही! तिकडच्या सरकारनं शिक्का मारून लिहून दिलंय, आम्हाला माहीत नाही. एक अख्खं सरकार म्हणतंय माहीत नाही, आणि तुमचा चौकोन म्हणतो, नाही, सांगा, मेला की जिवंत! ही नऊ वर्षांची पोर... हिला परवा मी 'विधवा' शब्द शिकवला. मी! तुमच्या या चौकोनापायी! आता बस झालं. खलास!"

'खलास' तेवढं तिथे सगळ्यांना समजलं. सिक्युरिटीवाला दोन पावलं पुढे आला.

यम्नानं त्याला हाताने थांबवलं. तिनं एक पाण्याची बाटली काचेखालून सरकवली. "अंकल, बसा. पाणी प्या." मग अरबी भाषांतर उचललं आणि पहिल्यांदा खालपर्यंत वाचलं. वाचून मर्यानाकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, "शेवटचं बोलणं कधी झालं?"

"सहा नोव्हेंबरला. त्यानं विचारलं, ज़्लाताचा दात पडला का."

यम्ना फाइल घेऊन आत गेली. पंचवीस मिनिटं. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "विवाहितच बरोबर आहे. एनओसीच्या जागी तुमचं स्वतःचं निवेदन द्या. नवरा सही का करू शकत नाही, तुमच्या शब्दांत. हा दाखला सोबत. मी मानवतेच्या कारणासाठी म्हणून वर पाठवते. हो म्हणतील असं वचन देत नाही." आणि गुणवंतरावांना म्हणाली, "अंकल, यल्ला, नवा फॉर्म आणा. ओरडायचं नाही."

तो फॉर्म छापला तेव्हा मी दुकानात होतो. ज़्लातानं पुन्हा बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. त्या रकान्यापाशी थांबली, गुणवंतरावांकडे एकदा रोखून पाहिलं आणि वाचलं, "मॅरीड." मग पुढे गेली. निवेदन मर्यानानं काउंटरच्या कोपऱ्यावर उभं राहून लिहिलं. त्यातलं एक वाक्य गुणवंतरावांनी मला नंतर सांगितलं, म्हणजे सांगायला सुरुवात केली आणि मध्येच प्रिंटरवर ओरडायला निघून गेले, पण तेवढं ऐकलं मी: 'माझा नवरा आमच्या मुलीच्या शाळेला कधीच हरकत घेत नाही.' घेत नाही. घेत नव्हता, असं नाही लिहिलं तिनं.

मग सही. मर्यानानं नाव आणि आडनाव दोन्ही तिच्या लिपीत, हात न उचलता लिहिलं. सहीची शेपटी चौकटीतून बाहेर पडली, शेजारचा रकाना ओलांडून पार कडेपर्यंत गेली. रांगेतले आम्ही सगळे एक पाऊल मागे सरकलो. आता ओरडणार.

गुणवंतरावांनी सहीकडे पाहिलं. त्यावर दुकानाचा शिक्का मारला. मग मान वर करून माझ्यामागच्या माणसावर खेकसले, "तुमचा फोटो निळा का आहे?"

अठ्ठावीस ऑगस्टला मंजुरी आली. ज़्लाताला एक वर्षाचा व्हिसा. एकोणतीसला शाळेत नाव घातलं. छायावहिनींनी डब्यात बेसनाचे लाडू दिले. ज़्लातानं अर्धा खाल्ला, अर्धा आईच्या पर्समध्ये ठेवला. मी खाली जाऊन गुणवंतरावांचं अभिनंदन केलं, आणि ती माझी चूक झाली.

"अभिनंदन? कसलं अभिनंदन? एक वर्ष! पुढच्या ऑगस्टला तोच अर्ज, तोच रकाना, तेच चार पर्याय. यम्ना तिथे असेल? बदली झाली तर? नवा कुणीतरी बसेल आणि पुन्हा विचारेल, मेला की जिवंत? त्या बाईनं दर वर्षी काउंटरवर उभं राहून नवरा मेला नाही हे सिद्ध करायचं? आणि कुणासमोर? चौकोनासमोर?" त्यांनी ड्रॉवरमधून डायरी काढली, पुढच्या वर्षीच्या एक जुलैवर 'कोव्तुन' असं लिहिलं, त्याखाली दोन रेघा ओढल्या. इतक्या जोरात की कागद फाटला.

"त्याच्या आत नवरा आला तर तो करेल सही," ते म्हणाले. "नाही आला, तर मी आहे ओरडायला. म्हणजे, माझा व्हिसा राहिला तर. मार्चमध्ये साठ होतात मला, आणि साठीनंतर इथे व्हिसा वाढवून मिळणं अवघड. आणि तुम्ही काय उभे आहात? टोकन घेतलंत का?"